जुन्या जीपगाडीचा जीर्णोद्धार



या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, इतिहासावर, अर्थकारणावर व्याख्याने होतात, आणि ती व्हावीत. तेथे आज एका मोटारगाडीवर बोलायचे, आणि तेही पत्रा गंजलेल्या, टप फाटलेल्या, भंगारवाल्याने दोनदा भाव करून ठेवलेल्या गाडीवर, हे थोडे धारिष्ट्याचेच काम आहे. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी तो भीतभीतच सांगितला. त्यांनी तो मान्य केला याचे कारण मला वाटते असे, की या मंडपातील ज्यांची साठी जवळ आली आहे किंवा उलटली आहे, त्यांच्या लहानपणी गावात जी पहिली मोटार आली ती बहुधा जीपच होती. तहसीलदारसाहेब तिच्यातून आले, हिवतापाची फवारणी करणारे आले, देवीची लस टोचणारे आले, मते मागणारे आले. एस. टी. जेथे पोचली नव्हती तेथे जीप पोचली होती, आणि तिच्या धुरळ्यामागून धावणारी पोरे आज येथे पहिल्या दोन रांगांत बसली आहेत.

ही गाडी आता झपाट्याने संपत चालली आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी लागणाऱ्या खास वाहनांचा तेवढा अपवाद. कचेऱ्यांच्या आवारात लिंबाखाली वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या जीपा त्यामुळे भंगारात निघाल्या. उलट, खाजगी मालकांकडे ज्या थोड्या उरल्या त्यांना अचानक गिऱ्हाईक आले आहे. हौशी तरुण त्या घेतात, उंच करतात, रुंद टायर घालतात, पुढे लोखंडी कठडा आणि वर दिव्यांची माळ लावतात. एकीकडे भंगार आणि दुसरीकडे हौस, अशा कात्रीत ही गाडी सापडली आहे.

जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची जुनी देवळे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. चारठाण्याचेच असे नाही, पण जुन्या दगडी देवळाचा जीर्णोद्धार आपल्याकडे दोन तऱ्हांनी होतो. कोणी ढासळलेला दगड हुडकून त्याच्या जागी पुन्हा बसवतो. कोणी कोरीव कामावर ऑइलपेंट फासून खाली चकचकीत फरशी घालतो. पावतीपुस्तकावर दोघेही 'जीर्णोद्धार' असेच छापतात. जीपचेही तसेच आहे. तिला मूळ रूपात नेणे हे एक काम आणि तिला आजच्या गरजेस जुंपण्यासाठी तिच्यात फेरबदल करणे हे दुसरे काम. दोन्ही कामे मानाची आहेत. परंतु यांपैकी आपण कोणते करीत आहोत हे पहिला नट सोडण्यापूर्वी ठरले पाहिजे. ते न ठरवता सुरुवात केली की पैसा जातो, गाडी जाते आणि एखाद्या वळणावर माणूसही जातो. मला आज जे सांगायचे आहे ते याच एका निर्णयाविषयी.

मूळ रूप म्हणजे तरी काय, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ. १९४० च्या जून महिन्यात फ्रान्स पडले आणि अमेरिकेच्या लष्कराला घोड्याची व साइडकारवाल्या मोटारसायकलीची जागा घेईल अशी हलकी गाडी तातडीने हवीशी झाली. १३५ कारखानदारांना पत्रे गेली. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. पेनसिल्व्हेनियातील बँटम नावाच्या डबघाईला आलेल्या एका लहानशा कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावले. त्याने दोन-तीन दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या दारात उभी केली. पण एवढ्या लहान कंपनीला हजारोंनी गाड्या पुरवता येतील असा भरवसा लष्कराला वाटेना. म्हणून तो आराखडा विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोघांनाही दाखवण्यात आला. विलीसकडे बार्नी रूस या अभियंत्याने घोटून घोटून तयार केलेले २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे इंजिन होते. फोर्डकडे पत्रा दाबून घाटदार पुढा बनवण्याची हातोटी होती. युद्ध संपेपर्यंत विलीस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांच्या वर गाड्या बाहेर काढल्या. ज्या बँटमने पहिली गाडी दिली तिच्या वाट्याला अखेरीस मालवाहू ट्रेलर करण्याचे काम आले. असो.

जीप जन्मालाच तीन घरची मिळून आली, हे आपण ध्यानात ठेवू. आणि ती बिघडणार, चिखलात, रात्री, शत्रूच्या तोंडासमोर बिघडणार, हे गृहीत धरूनच ती बांधली होती. म्हणून तिचे बोनेट दोन बाजूंच्या खिट्ट्या सोडल्या की उघडते, काच पुढे आडवी पडते, आणि चार-पाच पान्यांत निम्मी गाडी सुटते. आजच्या मोटारीचे बोनेट उघडले तर आत प्लॅस्टिकचे झाकण दिसते आणि मालक ते पुन्हा बंद करतो. जीप मात्र मालकाला आत बोलावते. आपल्याकडच्या मिस्त्रींनी तिला आपली मानली ती यामुळे.

आपल्या देशात तिला रुजवण्याचे श्रेय महिंद्रा बंधूंकडे जाते. के. सी. महिंद्रा अमेरिकेत असताना त्यांची बार्नी रूसशी गाठ पडली. १९४५ साली स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीने विलीसशी बोलणे केले, सुट्या भागांच्या पेट्या बोटीने मुंबईस येऊ लागल्या आणि माझगावला जीपा जोडल्या जाऊ लागल्या. १९५४ मध्ये विलीसशी सहकार्याचा करार होऊन भाग येथेच करण्याच्या कामाला वेग आला. आपण ज्या उंच बोनेटच्या जीपा पाहिल्या त्या या घराण्यातल्या. नव्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या बाजूस आले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बोनेट उंच करावे लागले. अमेरिकेत काहींनी त्या रूपाला नाके मुरडली. आपल्याकडे मात्र जीप म्हणजे हेच रूप डोळ्यांसमोर येते.

येथे एक आडवळण घेतो. स्वतंत्र भारतातले गाजलेले पहिले खरेदीप्रकरण कशाचे होते? जुन्या जीपा दुरुस्त करून देण्याचे! १९४८ साली काश्मीरची लढाई चालू असता, लंडनमधील आपले उच्चायुक्त कृष्णमेनन यांनी एका परदेशी कंपनीशी जीपांचा करार केला. प्रत्यक्षात १५५ जीपा आल्या आणि लष्कराने त्या निरुपयोगी ठरवल्या. संसदेत त्यावर अनेक वर्षे गदारोळ झाला; १९५५ मध्ये सरकारने ते प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. राजकारण बाजूला ठेवा. मला त्यात दिसते ते एवढेच, की 'दुरुस्त केलेली जुनी जीप' या शब्दांना अर्थ येतो तो कोणी, काय आणि किती दुरुस्त केले हे सांगितल्यावर. वरून रंग नवा असला म्हणजे आतले बेअरिंग नवे असते असे नाही. हा धडा देशाने लाखो रुपये मोजून घेतला आहे. आपण तो फुकटात घ्यावा.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपली. २ ऑक्टोबर १९५२ पासून देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकासाची यंत्रणा क्रमाक्रमाने खेड्यापाड्यांत पसरली. जीप हे त्या यंत्रणेचे चिन्हच होऊन बसले. पुढे जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचे धरण बांधले गेले, मग जायकवाडीचा डावा कालवा आला. मोजणीचे, बांधणीचे, तपासणीचे सगळे काम पांदीतून आणि शेतातून. आणि परभणीची जमीन कशी आहे हे मी आपणांस सांगायला नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग, आणि मृगाची एक सर पडली की तीच जमीन चपलेला धरून ठेवते. उत्तरेस जिंतूरकडे डोंगर आणि दगड, दक्षिणेस गंगाखेडकडे गोदावरीची वाळू आणि पलीकडे बालाघाटाचा चढ, मध्ये ही सारी काळी माती. एका जिल्ह्यात इतक्या तऱ्हेची वाट असल्यावर चारही चाकांना ओढ असलेली गाडी ही येथे चैन नव्हती.

ही ओढ येते कोठून? साध्या मोटारीत इंजिनाचा जोर एका गिअरपेटीतून दोन चाकांकडे जातो. जीपमध्ये पहिल्या पेटीच्या पाठीला दुसरी एक पेटी जोडलेली असते. तिच्यातून एक दांडा मागे जातो आणि एक पुढे. चालकाजवळ दोन लहान दांडके असतात: एकाने पुढची चाके जोडायची, दुसऱ्याने जोर वाढवून वेग घटवायचा. उंच बोनेटच्या जीपमध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे २.८, दुसऱ्या पेटीचे २.४६ आणि ॲक्सलचे ५.३८. तिन्हींचा गुणाकार करा. सुमारे ३७ येतो. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. माणूस चालेल त्याहूनही हळू ही गाडी चढ चढते, आणि म्हणूनच चढते.

यात एक मेख आहे. पुढची चाके जोडली की पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांशी घट्ट बांधले जातात. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा पडतो. चिखलात ती घसरून हिशेब जुळवतात. डांबरावर घसरायला जागा नाही, मग सारा ताण गिअरच्या दातांवर येतो. आपल्याकडे कित्येक पेट्या फुटल्या त्या चिखलात फुटल्या नाहीत, चिखलातून निघून डांबरी रस्त्याला लागल्यावर दांडके मागे घ्यायचे राहिले म्हणून फुटल्या. दुसरी गोष्ट, 'फोर व्हील' असले तरी एक पुढचे आणि एक मागचे अशी तिरकी दोन चाके अधांतरी झाली की जोर त्या हवेतल्या चाकांनाच जातो आणि गाडी जागच्या जागी चाके फिरवीत उभी राहते. तेव्हा पायाखालचा दगड उपयोगी पडतो, इंजिन नव्हे.

रुंद टायरविषयीही येथेच बोलून घेतो, कारण तरुण मंडळी सर्वांत आधी हात घालतात तो टायरला. मूळ टायर अरुंद होता. ६ इंची, १६ च्या चाकाचा. काळ्या मातीचा थर फार खोल नसेल तर अरुंद टायर तो कापून खालच्या मुरमाला टेकतो. रुंद टायर वरच राहतो, त्याच्या खाचा मातीने भरतात आणि क्षणात तो गुळगुळीत लाटण्यासारखा होतो. गोदावरीच्या वाळूत मात्र उलट: तेथे रुंदी हवी, पण ती टायरमधली हवा कमी करूनही मिळते आणि काठावर येऊन पुन्हा भरता येते. त्यातही २८ इंच व्यासाच्या जागी ३३ इंची टायर घातला की काय होते पाहा. तेच ब्रेक, तोच पायाचा दाब, पण रस्त्यावर मिळणारी थांबवण्याची ताकद सुमारे १५ टक्क्यांनी घटते. घड्याळ ५० चा वेग दाखवते तेव्हा गाडी ५९ ने धावत असते. दोन चाकांमधले अंतर जेमतेम चार फूट, त्यात गाडी पाटे वाढवून वर उचललेली. अशी गाडी छायाचित्रात फार रुबाबदार दिसते. वळणावर तिचा रुबाब तिच्याच अंगावर येतो.

फेरबदलाला माझा विरोध आहे असे कृपा करून समजू नका. आपल्या जिल्ह्यात जीप टिकली तीच मुळी फेरबदलामुळे. पेट्रोलचे इंजिन खादाड. १९७३ नंतर जगभर तेल भडकले तेव्हा ज्यांच्या घरी जीप होती त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, आणि मिस्त्रींनी तिच्यात ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसवून दाखवले. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' अशी आपल्या गावाची ख्याती आहे. त्या काळच्या गॅरेजांनी ती दोन्ही अर्थांनी खरी केली. कारण बसवले म्हणजे जमले असे नव्हे. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास दमते. ५.३८ चे ॲक्सल आणि मूळ टायर असताना दोन हजार फेऱ्यांना गाडीचा वेग येतो ताशी सुमारे ५० किलोमीटर. त्यापुढे मालकाने कितीही पाय दाबला तरी धूर तेवढा वाढतो. शिवाय त्या इंजिनाचे वजन आणि त्याची थरथर चेसिसने सोसायची. शहाण्या मिस्त्रीने चेसिसला आतून पट्ट्या दिल्या, रबराच्या जाड गाद्या दिल्या; घाईच्या मिस्त्रीने नुसते वेल्डिंग केले आणि दोन पावसाळ्यांत तेथे तडा गेला. पुढे कंपनीनेच डिझेल जीपा काढल्या. १९८० च्या दशकात प्यूजोच्या बनावटीचे २.१ लिटरचे, ६२ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आले. वजन, वेग आणि खर्च यांचा मेळ त्यात बराच बसला, आणि मग जुन्या जीपांतही तेच बसवण्याची चाल पडली. लांब चेसिसच्या जीपांना काळा-पिवळा रंग चढून त्या प्रवासी वाहतुकीला लागल्या तो इतिहास आपण सर्वांनी गुडघे आखडून अनुभवलाच आहे.

आता एका जीपची हकीकत सांगतो. जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाची ही गाडी. तिच्या कामाला मी मिस्त्रींच्या शेजारी स्टूल टाकून बरेच महिने बसलो. पुस्तकावर साल १९६५. आजोबांनी ती सरकारी लिलावात घेतलेली. नातवाला ती डोंगरात फिरवण्यासाठी उंच, काळी, रुंद टायरची हवी होती. आजोबांना ती 'होती तशी' हवी होती. मिस्त्रींनी दारापाशी पत्रा घासायला घेतला तेव्हा रंगाचे थर निघू लागले. सर्वांत वर तांबडा, त्याखाली पांढरा, मग हिरवा, आणि तळाशी सरकारी करडा. आजोबांनी घेतली तेव्हा ती पांढरी होती. त्यांच्या दृष्टीने मूळ रंग पांढरा. कारखान्याच्या दृष्टीने करडा. पेट्रोलचे इंजिन केव्हाच गेलेले, १९८४ साली रीतसर नोंद करून डिझेल बसवलेले. मागच्या बाजूला मळणीयंत्र ओढण्यासाठी जाड लोखंडी आकडा जोडलेला. 'होती तशी' म्हणजे कोणत्या सालची? घरात यावर चार दिवस वाद झाला आणि मला तो वाद फार आवडला. कारण बहुतेक ठिकाणी हा प्रश्न कोणी विचारतच नाही. पेंटरला जो रंग आवडतो तो गाडीचा मूळ रंग ठरतो.

निकाल असा लागला. पेट्रोलचे मूळ इंजिन शोधत फिरायचे नाही. डिझेल ठेवायचे, कारण गाडीचे निम्म्याहून अधिक आयुष्य त्यावर गेले. चेसिस, पुढा, चाकांचे माप, उंची यांना हात लावायचा नाही. रंग करडा. आणि मळणीयंत्राचा आकडा जागेवर राहील, ही आजोबांची अट. नातवाला काय मिळाले? त्याला ब्रेक मिळाले. हे ऐकून आपण हसलात, तोही प्रथम हिरमुसला होता. परंतु मिस्त्रींचे म्हणणे असे, की गाडी आधी थांबायला शिकली पाहिजे. पळायला ती आपोआप शिकते.

जुन्या जीपचे ब्रेक हे प्रकरण समजून घेण्याजोगे आहे. चारही चाकांचे तेल एकाच नळीमार्गावर. कोठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. हँडब्रेक चाकांवर नसतोच; दुसऱ्या पेटीच्या मागे दांड्यावर एक ड्रम असतो त्याला तो आवळतो. उभी गाडी धरून ठेवायला तो उत्तम, पण धावत्या गाडीत जोराने ओढला तर सारा झटका दांड्याच्या सांध्यांवर. म्हणून दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर बसवणे हा पहिला फेरबदल. एक मार्ग गेला तरी दुसरा गाडी थांबवतो. बाहेरून पाहणाराला तो दिसतसुद्धा नाही. दुसरा बदल दिव्यांचा. सुरुवातीच्या जीपांना ६ व्होल्टची बॅटरी. त्या दिव्यांच्या उजेडात समोरची बैलगाडी दिसायची ती बैल जवळ आल्यावर. १२ व्होल्ट, स्वच्छ तारा आणि प्रत्येक मार्गाला फ्यूज. तिसरा, बसणाऱ्याचा पट्टा. आणि तो आसनाला न बांधता चेसिसला धरून असलेल्या मजबूत पायावर. चालकाच्या आसनाखाली इंधनाची टाकी असते, तेव्हा तिचे झाकण, तिच्या नळ्या आणि तिच्याजवळून जाणारी वायर, ही तिन्ही नवी.

स्टिअरिंगचे दुखणे यापेक्षा चोरटे. ठरावीक वेगाला एखादा खड्डा लागला की पुढची चाके डावी-उजवी थडथडू लागतात आणि चाक हातातून निसटते. पुष्कळ ठिकाणी यावर धक्काशोषक दांडी बसवून देतात. थडथड थांबते; दुखणे आत राहते. खरे कारण असते झिजलेल्या किंगपिन बेअरिंगमध्ये, सैल सांध्यांत, वाकलेल्या पाट्यांत. चाक जॅकवर उचलून वर-खाली हाताने हलवून पाहिले की पाच मिनिटांत ते कळते. या गाडीत तसेच निघाले. आठ बेअरिंगे आणि सांधे मिळून जे काम झाले ते कोणत्याही छायाचित्रात येणार नाही.

पत्र्याचे पुराण थोडक्यात. काळी माती पाणी सोडत नाही. ती चेसिसच्या पोकळीत जाऊन बसते आणि लोखंड आतून खाते. म्हणून वरून रंगवण्याआधी पोकळीत पाण्याचा जोरदार फवारा मारून, वाळवून, मग आतून तेल. जुनी जीप विकत घेणाराने एक चुंबक फडक्यात गुंडाळून खिशात ठेवावे. पत्र्यावर जेथे ते चिकटत नाही तेथे पत्रा नसून लांबी आहे. हरियाणात मंडी डबवालीला लष्करी लिलावातल्या भागांवर जीपा बांधण्याचा मोठा धंदा चालतो, नवी पत्र्याची टोपली तेथे जुळवून मिळते. तीत वाईट काही नाही. पण नवी टोपली, निराळे इंजिन, दुसऱ्याच गाडीचे ॲक्सल आणि जुना एक नंबर, अशा गाडीला '१९५० ची जीप' म्हणून विकणे हा जीर्णोद्धार नव्हे, वेषांतर आहे.

येथे कायदा आडवा येतो, आणि माझ्या मते तो योग्य जागी आडवा येतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीपुस्तकातील तपशील कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितले. इंजिन बदलायचे तर आधी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी. दुसऱ्या बाजूने, जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या ऐतिहासिक वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात ठेवलेली, चेसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी या वर्गात नोंदता येते. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नवी नोंदणी २०,००० रुपयांत आणि दहा वर्षांसाठी. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, शर्यतफेरी, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. म्हणजे मी आरंभी जो निर्णय म्हटला तो आता कायद्यानेच विचारला आहे: देव्हाऱ्यात की शेतात? आमच्या या जीपच्या पोटात डिझेल, तेव्हा तिला 'व्हीए'चा मार्ग बंद. तिने साध्या नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले आणि ती आजही बियाण्याची पोती वाहते. आजोबांना त्यात काही कमीपणा वाटत नाही, मलाही वाटत नाही. पण ज्यांच्या गोठ्यामागे पेट्रोल इंजिनासकट अस्पर्श जीप उभी असेल त्यांना मी हात जोडून सांगेन, तिच्यात डिझेल घालू नका. तशा फार थोड्या राहिल्या आहेत, आणि एकदा कापलेले चेसिस पुन्हा मूळचे होत नाही.

राहता राहिले मिस्त्री. या गाडीचे ज्ञान ज्यांच्या हातात आहे ती माणसे आता सत्तरीत आहेत. लेथवर बुश कापून देणारे, इंजिनाचा आवाज ऐकून कोणता टॅपेट सैल आहे ते सांगणारे. त्यांची मुले मोबाइलची दुकाने चालवतात, आणि त्यात त्यांचे काय चुकले? जीप येणार महिन्यातून एक. आपल्या गावात कृषी विद्यापीठ आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथील विद्यार्थ्यांनी एखाद्या सुट्टीत अशा एका मिस्त्रीजवळ बसून तो काय करतो ते नुसते लिहून काढले तरी पुष्कळ झाले. जे पाठ्यपुस्तकात आहे ते लिहू नये. पाट्यांतला आवाज पाहताना तो आधी गाडीच्या कोणत्या अंगाला वाकतो, ते लिहावे.

आमच्या त्या जीपसाठी आम्ही एवढे केले. पुढच्या कप्प्यात दोन पानांची वही ठेवली आहे. काय मूळचे, काय १९८४ चे, काय आत्ताचे. कोणता नट उलट्या आट्याचा. कोणत्या पेटीत किती आणि कोणते तेल. मास्टर सिलिंडर कोणत्या गाडीचा बसवला, म्हणजे उद्याच्या मिस्त्रीला तो शोधत फिरावे लागणार नाही. आजोबांनी स्वतःच्या हाताने त्यात मळणीयंत्राच्या आकड्याची नोंद केली आहे, आणि तो आकडा किती वजन ओढू शकतो तेही लिहिले आहे. ते थोडे फुगवून लिहिले आहे असे मिस्त्रींचे मत. शेवटच्या ओळीत नातवाचे अक्षर आहे: पुढच्या डाव्या चाकाचे ऑइल सील पावसाळ्यापूर्वी पुन्हा पाहणे. मृगाला अजून थोडे दिवस आहेत. ते चाक येत्या रविवारी सकाळी गॅरेजात उतरवणार आहेत. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी अवश्य यावे. कपडे मात्र जुने घालून यावेत.